घरात बोललं म्हणून संघ गेला, हे बरोबर झालं का?

मागच्या लेखात डोनाल्ड स्टर्लिंग प्रकरण मी एका ओळीत उरकलं होतं आणि नेमकं त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. ज्यांना ते आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टर्लिंग हा लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचा मालक. एप्रिल २०१४ मध्ये टीएमझी या संकेतस्थळाने त्याच्या आणि त्याच्या मैत्रिणीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग बाहेर काढलं. तिने मॅजिक जॉन्सन या कृष्णवर्णीय माजी बास्केटबॉलपटूसोबतचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता आणि त्यावरून हा तिला झापत होता. कृष्णवर्णीयांबरोबरचे फोटो टाकू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असा एकूण सूर. २९ एप्रिलला एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी त्याला आजन्म बंदी घातली, २५ लाख डॉलर दंड ठोकला आणि याला संघ विकायला लावा, असं बाकीच्या मालकांना सांगितलं.

माणूस आपल्या घरात काय बोलतो याच्याशी लीगला काय देणंघेणं? अमेरिकेत तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे एवढे गोडवे गातात. (एक वाचक, सांगली)

ते स्वातंत्र्य सरकारविरुद्धचं आहे. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते. एनबीए सरकार नाही, ती तीस संघमालकांची भागीदारी आहे. स्टर्लिंगच्या दारात पोलीस गेले नाहीत, खटला भरला गेला नाही. तो आजही तेच बोलू शकतो. प्रश्न एवढाच होता की असं बोलणाऱ्याला बाकीच्यांनी भागीदार म्हणून ठेवून घ्यावं का.

आणि याचं उत्तर त्याने स्वतःच सही केलेल्या कागदात होतं. एनबीएच्या घटनेनुसार तीन-चतुर्थांश मालकांनी ठरवलं तर एखाद्याची मालकी संपवता येते. लीगच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाणार नाही, हेही मालकांनी लिहून दिलेलं असतं. संघ विकत घेताना हे कलम कुणी फारसं वाचत नसावं.

तरीही लीगची बाजू वाटते तितकी पक्की नव्हती. मालकी काढून घेण्याची जी कारणं त्या कलमात आहेत, ती वाचताना पैसे थकवणारा किंवा सट्टा लावणारा मालक डोळ्यांसमोर येतो. वर्णद्वेषी बोलणं त्यात बसवायचं तर कलम बरंच ताणावं लागतं. ते किती ताणता येतं याची परीक्षा झालीच नाही, कारण मतदानाआधीच संघ विकला गेला. हे प्रकरण नजीर म्हणून पुढे करणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

रेकॉर्डिंग चोरून केलेलं होतं. मग उद्या कुणीही कुणाला असं अडकवेल! (एक वाचक, ठाणे)

धास्ती खरी आहे. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे आणि असं रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. रेकॉर्डिंग होतंय हे स्टर्लिंगला माहीत होतं, असं त्या मैत्रिणीच्या बाजूचं म्हणणं होतं. पण लीगची चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे. आवाज आपलाच, हे स्टर्लिंगने मान्य केलं होतं. नंतर सीएनएनवर माफी मागायला बसला, तर तिथेही मॅजिक जॉन्सनवर घसरला. त्या मुलाखतीनंतर रेकॉर्डिंगचा वाद बराचसा निरर्थक झाला.

माजी बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारची भूमिका मला पटते. स्टर्लिंगला हाकला, पण खासगी बोलणं असं बाहेर काढण्याचाही संताप येऊ द्या, असं त्याने तेव्हाच लिहिलं. डॅलस मॅव्हरिक्स या एनबीए संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनीही सुरुवातीला हीच भीती बोलून दाखवली होती: बोलण्यावरून मालकी काढायला लागलो तर हे थांबणार कुठे? पुढे तेही सिल्व्हर यांच्या पाठीशी उभे राहिले, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

शब्दांनी कुणाचं काय बिघडलं? खेळाडूंना कोट्यवधी डॉलर मिळतच होते की. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नेमका हाच युक्तिवाद स्टर्लिंगचाही होता, त्याच रेकॉर्डिंगमध्ये. मी त्यांना जेवण देतो, कपडे देतो, गाड्या देतो, घरं देतो. खेळ मी उभा करतो की ते? एनबीएत सुमारे तीन-चतुर्थांश खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, हे लक्षात ठेवून हे वाक्य पुन्हा वाचा. पगाराला उपकार समजणारा आणि त्यांना आपल्या दारात उभं करायला लाजणारा माणूस त्यांचा मालक होता.

रेकॉर्डिंग आलं तेव्हा क्लिपर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीत, गोल्डन स्टेट वॉरियर्सशी खेळत होते. २७ एप्रिलला ओकलंडमध्ये चौथा सामना होता. खेळाडू मैदानात आले आणि सरावाची जॅकेटं मैदानाच्या मधोमध टाकून दिली. आत घातलेले लाल शर्ट उलटे होते, म्हणजे संघाचं नाव दिसू नये. त्या दिवशी ते ११८-९७ असे हरले. पुढच्या सामन्याआधी सिल्व्हर यांनी कडक निर्णय दिला नसता तर खेळाडू मैदान सोडून जाणार होते, अशी चर्चा उघड होती. तिकडे जाहिरातदार एकेक करून हात काढून घेत होते. कारमॅक्स, व्हर्जिन अमेरिका, स्टेट फार्म, किआ. काय बिघडलं, ते असं बिघडलं.

पण माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो लीगवर आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २००६ मध्ये स्टर्लिंगवर खटला भरला होता. त्याच्या मालकीच्या इमारतींमध्ये कृष्णवर्णीयांना आणि मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना घरं नाकारली जातात, असा आरोप होता. २००९ मध्ये आरोप कबूल न करता त्याने २७ लाख २५ हजार डॉलर देऊन तो मिटवला. भाड्याच्या घरांतल्या भेदभावाच्या प्रकरणात न्याय विभागाने तोवर मिळवलेली ती सर्वात मोठी रक्कम होती. तेव्हा लीगने काय केलं? काही नाही. बंदी नाही, दंड नाही. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने तर त्याच वर्षी त्याचा सत्कार केला आणि २०१४ मध्ये जीवनगौरव द्यायला निघाली होती. रेकॉर्डिंग आलं म्हणून तो रद्द झाला.

माणसांना घर नाकारल्याचा आरोप पाच वर्षं कुणाला टोचला नाही आणि मैत्रिणीशी केलेली बडबड चार दिवसांत टोचली, कारण बडबड ऐकू आली. आणखी एक बघा: न्याय विभागाच्या खटल्यात मोजलेली रक्कम लीगच्या दंडापेक्षा मोठी होती. म्हणून माझं मत असं: खासगी बोलण्यावर लीगने डोळे मिटू नयेत, पण ते बोलणं ऐकून या माणसाने कुणाला कामावर घेतलं, कुणाला काढलं, कुणाला कसं वागवलं हे शोधावं आणि शिक्षा त्याची द्यावी. स्टर्लिंगच्या बाबतीत शोधायलाही लागलं नसतं, सगळं कोर्टाच्या कागदांत होतं.

इंग्लंडमध्ये फुटबॉलवाले असल्या प्रकरणात काय करतात? (एक वाचक, लंडन)

तुमच्याकडे उलटंच झालं आणि तेही त्याच काळात. माल्की मॅके हा कार्डिफ सिटीचा माजी प्रशिक्षक. त्याने सहकाऱ्याला पाठवलेले वर्णद्वेषी आणि बायकांविषयी घाणेरडे मेसेज २०१४ च्या ऑगस्टमध्ये उजेडात आले. फुटबॉल असोसिएशनने जवळपास वर्षभर विचार केला आणि जुलै २०१५ मध्ये हात वर केले. मेसेज खासगी होते, ते खासगीच राहतील अशी रास्त अपेक्षा होती, म्हणून कारवाई नाही.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, विगन या क्लबचे मालक डेव्ह व्हीलन यांनी या मॅकेला नोकरी दिली. त्याचं समर्थन करताना एका वर्तमानपत्राशी ज्यू आणि चिनी लोकांबद्दल असं काही बोलले की असोसिएशनने त्यांनाच सहा आठवड्यांची बंदी आणि ५० हजार पौंड दंड केला. मेसेज पाठवणारा सुटला, त्याची बाजू मांडणारा म्हातारा अडकला. खासगी आणि जाहीर एवढीच एक रेघ धरून बसलं की अशी गंमत होते.

आजन्म बंदी वगैरे ठीक, पण शेवटी त्याचा फायदाच झाला ना? (एक वाचक, नागपूर)

झाला. १९८१ मध्ये सव्वा कोट डॉलरला घेतलेला संघ २०१४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मर यांना २०० कोटी डॉलरला गेला. सौदा बायकोने, शेली स्टर्लिंगने केला. नवरा मानसिकदृष्ट्या व्यवहार बघायला सक्षम नाही, असा डॉक्टरांचा दाखला तिने आणला आणि कोर्टाने तो मान्य केला. या रकमेपुढे २५ लाखांचा दंड म्हणजे किरकोळ खर्च. लीगला तेव्हा त्याहून जास्त दंड करताच येत नव्हता.

चुकलेल्या माणसाला सुधारायची संधी नको का? (एक वाचक, कोल्हापूर)

दिली गेली आहे. बेसबॉलमध्ये सिनसिनाटी रेड्सच्या मालकीण मार्ज शॉट यांना वर्णद्वेषी बोलण्याबद्दल १९९३ मध्ये वर्षभर बाजूला ठेवलं आणि २५ हजार डॉलर दंड केला. परत आल्या आणि १९९६ मध्ये हिटलर सुरुवातीला चांगला होता, असं टीव्हीवर सांगून मोकळ्या झाल्या.

दुसरं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. फिनिक्स सन्स या एनबीए संघाचे तेव्हाचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्याविषयी नोव्हेंबर २०२१ मध्ये ईएसपीएनने बातमी दिली. या वेळी लीगने घाई केली नाही. बाहेरच्या वकिलांनी ३२० लोकांशी बोलून अहवाल दिला. कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी इतरांचं बोलणं सांगताना किमान पाच वेळा उच्चारली, महिला कर्मचाऱ्यांशी वागणं असभ्य, कर्मचाऱ्यांवर आरडाओरडा. शिक्षा: एक वर्ष निलंबन आणि एक कोटी डॉलर. चौकशी उत्तम, शिक्षा पचपचीत. ख्रिस पॉलने ही शिक्षा कमी असल्याचं जाहीरपणे म्हटलं. तो २०१४ मध्ये क्लिपर्सच्या त्या उलट्या शर्टांत होता आणि २०२२ मध्ये सन्समध्ये. एका खेळाडूच्या नशिबी असे दोन मालक! जर्सीवर नाव असलेल्या पेपाल या प्रायोजक कंपनीने सार्व्हर राहिले तर करार वाढवणार नाही, असं कळवलं आणि आठवडाभरात सार्व्हर यांनी संघ विकायला काढला.

आयपीएलमध्ये एखादा मालक असं बोलला, किंवा जातीवरून बोलला, तर? (एक वाचक, पुणे)

आयपीएलच्या करारात लीगच्या नावाला बट्टा लावणाऱ्या मालकाची फ्रँचायझी काढून घेण्याची तरतूद आहे. सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई संघाचे पदाधिकारी गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर आजन्म बंदी आली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान दोन्ही संघ दोन वर्षांसाठी बाहेर काढले. म्हणजे मालकाच्या वागण्याची किंमत संघाने मोजल्याचा दाखला आहे.

पण आपल्याकडे फ्रँचायझी रद्द करणं म्हणजे वकिलांची दिवाळी. पैशांच्या कारणावरून बीसीसीआयने २०१२ मध्ये डेक्कन चार्जर्स काढून टाकला, तर २०२० मध्ये लवादाने बोर्डाला सुमारे ४,८०० कोटी रुपये द्यायला सांगितले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला म्हणून बोर्ड वाचलं. पैसे थकवण्यासारख्या मोजता येणाऱ्या गोष्टीत ही तऱ्हा, तर बोलण्यावरून काढलेला मालक किती वर्षं भांडेल याचा अंदाज करा.

जातीवाचक बोलण्यासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, पण त्यात अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं बोलणं त्या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटलं. फौजदारी कायद्यात ही मर्यादा मला योग्य वाटते, तिथे माणूस तुरुंगात जातो. लीगने मात्र ती उसनी घेऊ नये. मालकाचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं आणि त्यात निवडीतला किंवा नोकरीतला भेदभाव दिसला, तर चौकशी लागलीच पाहिजे. आणि ती बोर्डाच्या माणसांनी करू नये, कारण मालक आणि बोर्ड यांचे संबंध कसे असतात हे बोर्डाचे अध्यक्षपद आणि चेन्नई संघाची मालक कंपनी एकाच वेळी सांभाळणाऱ्या श्रीनिवासन यांच्या काळात आपण पाहिलं आहे.

सॅक्रामेंटो किंग्जचे विवेक रणदिवे मुंबईचे ना? त्यांनी स्टर्लिंगविरुद्ध मत दिलं का? (एक वाचक, डोंबिवली)

मुंबईचेच, जुहूत वाढलेले. २०१३ मध्ये त्यांनी किंग्ज घेतला, म्हणजे प्रकरण झालं तेव्हा मालकांच्या त्या मंडळात ते वर्षभराचे होते. मत द्यायची वेळ आली नाही. ३ जून २०१४ ला सुनावणी ठेवली होती, ती बाल्मर यांचा सौदा ठरल्यावर रद्द झाली. पण एक योगायोग आहे: त्या दिवसांत खेळाडूंच्या संघटनेच्या वतीने बोलत होते सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः जुने एनबीए खेळाडू. किंग्ज शहर सोडून सिएटलला जाऊ नये म्हणून आदल्या वर्षी धडपड करून रणदिव्यांना पुढे आणणारेही तेच.