'मॉडेल-आधारित' की 'मॉडेल-चालित'?

प्रश्न असा आला आहे: कामकाजाच्या प्रक्रियेची आकृती (म्हणजेच मॉडेल) काढून तिच्यातूनच चालतं सॉफ्टवेअर उभं करायचं, या पद्धतीला इंग्रजीत 'मॉडेल-ड्रिव्हन डेव्हलपमेंट' म्हणतात. मराठीत 'मॉडेल-आधारित' चालेल की 'मॉडेल-चालित'च हवं? आणि 'मॉडेल'ला प्रारूप म्हणावं का?

माझा कौल 'चालित'ला. 'आधारित' कानाच्या सवयीचं आहे, पण इथे ते अर्थ पातळ करतं. कादंबरीवर आधारित चित्रपट कादंबरीपासून हवा तितका लांब जाऊ शकतो. तसंच, आकृती समोर ठेवून प्रोग्रामरने हाताने कोड लिहिला, तर ते काम मॉडेलवर आधारित झालं. पुढे नियम बदलले की कोड बदलतो, आकृती मात्र जुनीच राहते आणि कुणाचं काही अडतही नाही.

'चालित' म्हणजे काय, हे रजेच्या अर्जात पाहू. सुरुवातीचं वर्तुळ, मग 'अर्ज भरणे' ही गोलसर कोपऱ्यांची चौकट, मग आत फुली असलेला समभुज चौकोन आणि त्यातून निघणारे दोन बाण: 'थोडे दिवस' आणि 'जास्त दिवस'. माणसाला एवढं पुरतं. यंत्राला पुरत नाही. बाणावर 'दिवस > 3' अशी तपासता येणारी अट लागते, 'दिवस' म्हणजे अर्जातला कोणता रकाना ते सांगावं लागतं, आणि कुठलीच अट लागू झाली नाही तर कुठे जायचं तेही ठरवावं लागतं. त्यासाठी एका बाणावर छोटी तिरकी रेघ मारून तो 'डिफॉल्ट' करतात. हे सगळं भरलं की मॉडेलमधून कोड तयार होतो, किंवा इंजिन, म्हणजे प्रक्रिया चालवणारं सॉफ्टवेअर, तेच मॉडेल वाचून थेट प्रक्रिया चालवतं. उद्या मर्यादा 3 ऐवजी 5 करायची तर बदल मॉडेलमध्येच करायचा. तयार झालेल्या कोडमध्ये परस्पर केलेला बदल, त्यासाठी खास राखीव जागा नसेल तर, पुढच्या वेळी कोड निर्माण होताना पुसला जातो. मॉडेलला वळसा घालून सॉफ्टवेअर बदलता येत नसेल, तिथे 'चालित' हा शब्द शोभतो.

ही चिन्हं 'बीपीएमएन' या चिन्हपद्धतीची. तिच्या नावातच या फरकाची खूण आहे, आणि मला ती फार आवडते. 2004 साली पहिली आवृत्ती आली तेव्हा तिचं नाव होतं 'बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग नोटेशन', म्हणजे आकृती काढण्याची चिन्हपद्धती. 2011 च्या 2.0 आवृत्तीत संक्षेप तोच राहिला, पण नाव झालं 'बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन'. चिन्हांच्या जोडीला मॉडेलची रचना, ते एका साधनातून दुसऱ्यात नेण्याचा एक्सएमएल (यंत्राला वाचता येणाऱ्या मजकुराचा) साचा आणि ते कसं चालवायचं याचे नियमही त्यात आले.

आता रूपाबद्दल. 'मॉडेल-चलित' लिहू नये. चलित म्हणजे चाललेलं, चालित म्हणजे दुसऱ्याने चालवलेलं. म्हणून 'स्वयंचलित', पण 'यंत्रचालित'. इथे चालवणारं मॉडेल आहे, सॉफ्टवेअर आपणहून चालत नाही. इंग्रजी शब्दाला संस्कृत शब्द जोडणं कुणाला खटकत असेल, तर 'रेल्वेस्थानक' आपण केव्हाच पचवलं आहे.

'प्रारूप' मी टाळेन. मतदार यादीचं प्रारूप म्हटलं की अंतिम न झालेला मसुदा डोळ्यांसमोर येतो, आणि इथे तर मॉडेल हाच शेवटचा शब्द. 'प्रतिकृती' आधीपासून असलेल्या वस्तूची असते. 'प्रतिमान' चालेल, शिक्षणशास्त्रात 'अध्यापनाची प्रतिमाने' रुळलेलीच आहेत. पण रोजच्या कामात सगळे 'मॉडेल'च म्हणतात, तेच ठेवावं. उलट 'बिझनेस प्रोसेस'ला 'व्यवसाय प्रक्रिया' म्हणणं मला जास्त खुपतं. ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव किंवा रुग्णालयातला प्रवेश हीसुद्धा बिझनेस प्रोसेसच, पण त्यांना व्यवसाय कोण म्हणेल? तिथे 'कामकाजाची प्रक्रिया' हे सरळ मराठी लिहावं.