भुसावळ–जळगाव रोजची ये-जा: टियागो ईव्ही की जुनी ऑक्टाव्हिया आरएस २४५?

रोज ५०-५५ किलोमीटरच चालवायची असेल तर डोळे झाकून टियागो ईव्ही, म्हणजे टाटाची छोटी इलेक्ट्रिक गाडी, घ्या. मी हाच रस्ता ईव्हीने करतो आणि मित्राची ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे स्कोडाची वेगवान पेट्रोल सेडान, तीही चालवली आहे, म्हणून सांगतो. कागदावर तुलनाच नाही: आरएस २४५ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), टियागो जेमतेम ७५. पण इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, शून्यापासूनच मिळतो, त्यामुळे आकाशवाणी चौकातल्या सिग्नलवरून टियागो झटकन सुटते. ८० च्या पुढे मात्र तिचा दम संपतो आणि आरएसची मजा तिथूनच सुरू होते. ती मजा आपल्या हायवेवर ट्रक, ट्रॅक्टर आणि केळीच्या गाड्यांमधून कितीदा मिळणार, हे तुम्हीच ठरवा. शिवाय आरएस जमिनीला टेकलेली. गावातले स्पीडब्रेकर बघून छातीत धस्स होतं.

खर्चाचं गणित सोपं आहे. घरच्या चार्जिंगवर दिवसाला ६-७ युनिट, आरएसला चार-साडेचार लिटर पेट्रोल.

एक मात्र लक्षात घ्या: २४ युनिटच्या बॅटरीवर मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला आणि एसी सतत चालू असताना, मला १६०-१७० किलोमीटरच मिळतात. दर शनिवारी पुण्याला जाणं असेल तर वाटेत दोनदा तरी थांबावं लागेल, प्रत्येक वेळी तासभर. मग माझं उत्तर बदलेल.