मित्राची गाडी चालवताना अपघात झाला तर विमा मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राची गाडी घेऊन तुम्ही चौघं पुण्याहून गोव्याला निघालाय, मित्र सोबत नाही, विमा त्याच्या नावावर आहे. वाटेत काही झालं तर विमा चालेल का?

चालेल. फक्त ज्याच्यासाठी तो सगळ्यात कमी चालतो तो माणूस म्हणजे तुम्ही, स्टिअरिंगवर बसलेले.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिथे पॉलिसीत चालकांची नावं लिहावी लागतात आणि यादीत नसलेल्या माणसाने सहज म्हणून गाडी फिरवली तर तो विनाविमा चालक ठरतो. लंडनला राहणारी माझी मावसबहीण सुट्टीत इथे आली की कुणाच्याही गाडीला हात लावत नाही, ते त्यामुळेच. आपल्या पॉलिसीत 'चालक' या कलमात कुणाचंच नाव नसतं. अपघाताच्या वेळी वैध लायसन्स असलेली आणि ते रद्द न झालेली कोणतीही व्यक्ती, एवढंच म्हटलेलं असतं. म्हणजे मित्राची परवानगी आणि तुमचं चालू लायसन्स, इतकं पुरतं. लायसन्सची मुदत मात्र आजच बघा. आपलं लायसन्स संपलंय हे बऱ्याच जणांना नाक्यावर हवालदार सांगतो तेव्हा कळतं.

आता काय काय मिळतं ते. समोरच्याला लागलं किंवा त्याचा जीव गेला तर थर्ड पार्टी विमा, आणि त्या भरपाईला वरची मर्यादा नाही. समोरच्याची गाडी किंवा भिंत फोडलीत तर साडेसात लाखांपर्यंत. मित्राच्या गाडीचं नुकसान भरून मिळेल, पण त्याने फुल विमा, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा, घेतला असेल तरच. इथे एक खड्डा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, आणि त्याच्या जोडीला गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. मालक 'तीन वर्षांचा काढलाय' म्हणून निर्धास्त आणि दुसरा भाग केव्हाच संपलेला. मित्राकडून पीडीएफ मागवा आणि पहिल्या पानावरच्या दोन तारखा वेगवेगळ्या वाचा.

सोबतच्या तिघांचंही यावरच ठरतं. फुल पॉलिसी असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते, हे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना लेखी कळवलं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीतल्या पाहुण्यांना तो आधार नाही.

आणि तुम्ही? पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण दिसेल. ते वाचून आपणही त्यात आहोत असं वाटतं, पण ते 'मालक-चालका'चं आहे. ज्याच्या नावावर गाडी, त्याचं. शिवाय ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, मोडलेल्या पायाचं हॉस्पिटलचं बिल त्यातून मालकालाही मिळत नाही. थर्ड पार्टीत तुम्ही बसत नाही, कारण गाडी चालवणारे तुम्हीच. यावर २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कर्नाटकात इलकलहून (हो, लुगड्यांचं तेच गाव) एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन निघाला, पुढच्या बैलगाडीवर आदळला आणि गेला. घरच्यांनी चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईच्या कलमाखाली दावा केला. कोर्ट म्हणालं, उसनी गाडी घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक त्या कलमाखाली स्वतःच्याच गाडीच्या विम्यातून भरपाई मागू शकत नाही. चूक समोरच्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या विमा कंपनीकडे मागता येतं, तो रस्ता उघडा आहे. चूक आपलीच असेल तर आपला आरोग्य विमा, आपली अपघात पॉलिसी, टर्म विमा. हे तिन्ही तुमच्याकडे नसेल तर गोव्याचं बुकिंग करण्याआधी निदान अपघात पॉलिसी तरी काढा.

कशाने फिसकटतं तेही सांगतो. दारू प्यायलेली असेल तर गाडीच्या नुकसानीचे पैसे विसरा. दुसरं भाडं. 'दिवसाचे दोन हजार देतो रे' असा मेसेज मित्राला पाठवला असेल तर खासगी गाडी भाड्याने दिली असा अर्थ निघतो, आणि पॉलिसीत त्याला साफ मनाई असते. गोव्यात पोचल्यावरही पांढऱ्या पाटीची गाडी 'स्वस्तात' घेऊ नका. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. आणि चौघांपैकी ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला 'रिकामा रस्ता आहे, चालव थोडी' म्हणू नका. अशा वेळी कंपनीने जखमी माणसाला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा हुकूम होऊ शकतो. म्हणजे मजा तुमची, वसुलीची नोटीस मित्राच्या घरी. पोलिस केस मात्र चालवणाऱ्यावरच होते, तिथे कुठलाच विमा उपयोगाचा नाही.

माझं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी मेहुण्याची गाडी घेऊन मी रत्नागिरीला गेलो होतो. रात्री अंगणात रिव्हर्स घेताना चिऱ्याच्या गडग्यावर मागचा बंपर घातला. गडग्याला ओरखडासुद्धा नाही. मेहुणा पुण्यात. फोनवर म्हणाला, "दाजी, काळजी करू नका, फॉर्मवर मीच चालवत होतो असं लिहितो." प्रेमाने म्हणाला, पण असं कधीही करू नका. क्लेम फॉर्ममध्ये 'वाहन कोण चालवत होते' हा रकानाच असतो, चालकाचं नाव आणि लायसन्स नंबर लिहायला. मालकाऐवजी खरोखर चालवणाऱ्याचं नाव लिहिलं म्हणून क्लेम अडत नाही. खोटं नाव पकडलं गेलं तर अडतो. आणि गाडी रत्नागिरीत, मालक त्या दिवशी पुण्यात ऑफिसला हजर, हे शोधायला सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, फार हुशारी लागत नाही.

शेवटी आम्ही क्लेम केलाच नाही. बिल १२,००० चं. त्यात बंपर ७,४०० चा, बाकी मजुरी आणि रंग. प्लास्टिकच्या भागाला निम्मा घसारा लागतो, म्हणजे वापराची झीज म्हणून निम्मी किंमत कापतात, ती कापू नये यासाठीचं झिरो डेप हे जादा संरक्षण घेतलेलं नव्हतं, शिवाय १,००० रुपये सक्तीने कापले जातात. हातात सात हजारांच्या आसपास आले असते. पण मेहुण्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्क्यांवर होता, पुढच्या वर्षी ४५ झाला असता. क्लेम केला की शून्य. त्याच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम ११,००० होता. तो तेवढाच धरला तरी पहिल्या वर्षी ४,९५० आणि दुसऱ्या वर्षी ३,३०० जास्त भरावे लागले असते, म्हणजे दोन वर्षांतच सव्वाआठ हजार, आणि तेही त्याच्या खिशातून. मी बारा हजार देऊन टाकले. तुम्हीही निघण्याआधी मित्राशी हे बोलून घ्या: छोटं नुकसान झालं तर तुम्ही भराल, मोठं झालं तर क्लेम त्याचा, कापलेली रक्कम आणि बुडालेला बोनस तुमचा. आधी बोलायला अवघड वाटतं, पण बंपर लोंबत असताना जास्त अवघड वाटतं.

काही झालंच तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा, मग लगेच मित्राला फोन करा, कारण कंपनीला कळवायचं काम मालकाचं. ई-चलनही त्याच्याच मोबाइलवर जातं. माझं वेगाचं एक चलन मी सांगायच्या आत मेहुण्याकडे पोचलं होतं, फोटोसकट.