ठाण्याहून टेक्सासला येताना रिव्हॉल्वरचं काय करायचं

दादा, नमस्कार. बहिणीने लावलेल्या फाइलवर तुमचं ग्रीन कार्ड होतंय आणि दिवाळीनंतर तुम्ही ह्यूस्टनला येताय, फार आनंद झाला. तुम्ही विचारलंत, गोखले रोडच्या दुकानासाठी घेतलेलं कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर सोबत आणता येईल का, आणि इथे खिशात बाळगायचं म्हणून वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून हॅमरचं (गोळीवर आपटणाऱ्या मागच्या घोड्याचं) टोक कापून घेऊ का. दोन्ही करू नका.

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल परवान्याशिवाय कुणालाही करता येत नाही. लेथवाला कितीही भरवशाचा असो, त्याच्याकडे तो परवाना नसतो. व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स लागतो, त्या वेळी असली भानगड मागे लावून घेऊ नका.

टोक कापण्यामागचा विचार चुकीचा नाही. खिशातून घाईत काढताना ते अस्तरात अडकतं. पण ते गेलं की हॅमर अंगठ्याने ओढता येत नाही, दर वेळी ट्रिगरच पूर्ण लांब ओढावा लागतो. त्यातही हॅमर कसाबसा मागे अडकवलाच, तर तो परत हळूच खाली सोडायला पकड उरत नाही आणि गोळी सुटू शकते. म्हणून जाणकार गनस्मिथ त्याची मागे अडकण्याची खाचच काढून टाकतो. शिवाय हॅमरचं वजन घटतं, स्प्रिंग तीच राहते. प्रायमरवर (गोळीच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीवर) आघात कमी पडला तर गोळी उडतच नाही. जिवावर बेतलं असताना नुसती ‘टक्’ ऐकू येणं यापेक्षा वाईट काय! हे काम अंदाजाने करण्यासारखं नाही.

मुळात इथे त्याची गरजच पडत नाही. स्मिथ अँड वेसनने १९५२ मध्येच हॅमर पूर्ण आत झाकलेलं सेंटेनियल काढलं. त्याच घराण्यातलं ६४२ आज सहज मिळतं: .३८ स्पेशल जातीच्या पाच गोळ्या, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. रुगरचं एलसीआरही तसंच. माझं मत विचाराल तर ट्रिगर जास्त मऊ असल्याने एलसीआर घ्या, पण आधी रेंजवर दोन्ही चालवून बघा.

तुमचं .३२ इकडे आणायला भारतातून न्यायची आणि अमेरिकेत आणायची अशा दोन्ही बाजूंच्या परवानग्या लागतील. तेवढा खटाटोप करण्यासारखी ती वस्तू नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, तेव्हा गणपतीतच अर्ज टाका.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. तरी एलटीसी (हँडगन बाळगण्याचा टेक्सासचा परवाना) काढाच, त्यानिमित्ताने शिक्षण होतं. मात्र न्यू जर्सी ते एलटीसी मानत नाही. एडिसनला मामांकडे जाताना शस्त्र घरीच राहू द्या.

आणि जावई एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आहेत ना? शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. तुम्ही एकाच घरात राहणार, तेव्हा स्वतंत्र लॉकर घ्या आणि त्याचा कोड त्यांना सांगू नका.