अकरावी सायन्सला गणित ठेवायचं की जीवशास्त्र? मुलीचं पुढचं अजून ठरलेलं नाही

ठरलेलं नसेल तर निदान अकरावीला तरी दोन्ही ठेवा. एमबीबीएससाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिथे गणित लागत नाही. इंजिनिअरिंगला जीवशास्त्र लागत नाही. बी. फार्मसीला मात्र दोन्हींपैकी कोणतंही एक चालतं. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) असे दोन वेगळे गट आहेत, दोन्ही देता येतात.

एक गोष्ट प्रवेशाच्या गडबडीत हमखास निसटते. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स हे बायफोकल (व्यावसायिक) विषय २०० गुणांचे असतात. ते घेतले की मराठी-हिंदीसारखी दुसरी भाषा जातेच, शिवाय आणखी एक विषय सोडावा लागतो, आणि बहुतेक मुलं जीवशास्त्रच सोडतात. म्हणजे नीटचा रस्ता तिथेच अवघड होतो! कॉलेजात ‘स्कोअरिंग आहे’ म्हणून सांगतात, ते खरंही आहे, पण फॉर्म भरण्याआधी मुलीशी यावर नीट बोला.

गणिताची भीती वाटते म्हणून ते सोडू नका, एवढं कळकळीनं सांगते. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सलाही पुढे गणितावाचून निभाव लागत नाही.