पत्ता नेमका देतो कोण?

प्रश्न : नेट बंद पडलं म्हणून विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' चालवलं. आयपी पत्ता (नेटवर्कवर कॉम्प्युटर ओळखायचा क्रमांक) १६९.२५४ने सुरू होतोय. मी तर काहीच बदललं नव्हतं!

तो पत्ता कॉम्प्युटरने स्वतःच घेतलाय. राउटरमधल्या डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, त्याने पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्या राखीव रांगेतला एक उचलला. केबल नीट बसवा किंवा वाय-फाय तोडून पुन्हा जोडा. मग 'आयपीकॉन्फिग', जागा सोडून तिरकी रेघ आणि 'रिलीज'. पाठोपाठ तसंच 'रिन्यू'. हाताने पत्ता टाकायची घाई नको. राउटरपर्यंतची वाटच तुटली असेल तर कुठलाही पत्ता चालणार नाही.

प्रश्न : लिनक्सवर 'आयपी ॲड्रेस ॲड'ने पत्ता दिला. रीस्टार्ट केल्यावर गायब. माझं काय चुकलं?

चुकलं काहीच नाही. ही कमांड फक्त चालू कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगते, डिस्कवर काही लिहीत नाही. प्रयोग करून बघायला म्हणूनच ती मला आवडते : फसलं तर रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. पत्ता कायमचा हवा असेल आणि मशीनवर नेटवर्कमॅनेजर (कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम) असेल, तर त्याच्या 'एनएमसीएलआय' कमांडने कनेक्शनमध्ये पत्ता, गेटवे (बाहेर जायची वाट, बहुधा राउटरच) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) भरा, मेथड 'मॅन्युअल' करा आणि कनेक्शन पुन्हा 'अप' करा.

एक बारीक गोष्ट मात्र जपा. १९२.१६८.१.५० नंतरचं '/२४' (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) राहून गेलं, तर 'आयपी' कमांड ते '/३२' धरते. मग मशीनच्या लेखी त्या नेटवर्कमध्ये ते एकटंच उरतं आणि गेटवेही त्याला परका वाटतो. पत्ता बरोबर दिसत असतो, म्हणून ही चूक तासन् तास सापडत नाही.

प्रश्न : हाताने दिलेला पत्ता आठवडाभर छान चालला. आता नेट मधूनच तुटतं, आपोआप परत येतं.

बहुधा तोच पत्ता राउटरने दुसऱ्या कुणाला, एखाद्या फोनला वगैरे, देऊन टाकलाय. तुमचा कॉम्प्युटर बंद करा, दुसऱ्या मशीनवरून तो पत्ता पिंग करा (उत्तर येतं का बघा) आणि लगेच, कुठला पत्ता कुठल्या मशीनकडे आहे ते दाखवणारं, 'एआरपी -ए' चालवा. फायरवॉलमुळे पिंगला उत्तर आलं नाही, तरी त्या पत्त्यासमोर मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) दिसला की समजा, तिथे कुणीतरी बसलंय.

डीएचसीपीच्या रांगेबाहेरचा पत्ता घेतलात तर हे टळेल. पण मी स्वतः राउटरमध्येच मॅक ॲड्रेसवर पत्ता राखून ठेवते आणि कॉम्प्युटर 'ऑटोमॅटिक'वरच राहू देते. सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते, लॅपटॉप दुसरीकडे नेला तरी अडत नाही. वाय-फायचा 'रँडम मॅक' तेवढा बंद ठेवा, नाहीतर राउटर मशीनला ओळखणारच नाही.

प्रश्न : ८.८.८.८ पिंग होतं, पण एकही साइट उघडत नाही.

पत्ता आणि गेटवे ठीक आहेत. डीएनएस भरायचा राहिलाय किंवा चुकलाय. तिथे राउटरचा पत्ता किंवा ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाका आणि 'एनएसलुकअप'ने एखादं नाव विचारून बघा.