वाचकांचे प्रश्न : बीएचं काम आणि एआय

मागच्या अंकात बिझनेस अ‍ॅनालिस्ट मंडळींकडून प्रश्न मागवले होते, बरेच आले, त्यातले चार घेतेय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, बीए म्हणजे धंदा चालवणारे आणि सॉफ्टवेअर बनवणारे यांच्या मधे बसून "तुम्हाला नक्की काय हवंय" ते खोदून काढणारा आणि लिहून ठेवणारा माणूस. दोन्हीकडून बोलणी खातो, ते वेगळं.

प्रश्न : ताई, मी पुण्यात लाइफ इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर बीए आहे. कंपनीने एआय टूल दिलंय आणि मॅनेजर म्हणतात आता बीआरडी (सॉफ्टवेअरकडून काय हवंय ते लिहिलेला दस्तऐवज) निम्म्या वेळात पाहिजे. टूल लिहितं छान, पण रिव्ह्यूला गेलं की डेव्हलपर आणि टेस्टर शंभर शंका काढून परत पाठवतात. वेळ वाचतच नाहीये. काय करू? आणि मीटिंगची समरी टूलकडून करून घेतली तर चालेल का? — एक वाचक, वाकड

तुम्ही टूलकडून उत्तरं लिहून घेताय. प्रश्न काढून घ्या ना. बीआरडी टाइप करण्यात आपला वेळ कधी जात नव्हताच, वेळ जातो तो जे कोणी विचारलंच नाही ते यूएटीमध्ये, म्हणजे शेवटी वापरणारे तपासून बघतात तेव्हा, सापडतं त्यात.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कौन्सिलने ठरवलं की वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य, आणि 22 सप्टेंबरपासून लागू. म्हणजे हातात तीन आठवडेसुद्धा नाहीत. टूलला सांगितलं "यावर युजर स्टोरी लिही" (म्हणजे वापरणाऱ्याच्या तोंडून एका वाक्यात गरज) तर ते सुंदर लिहून देणार, की ग्राहक म्हणून मला 22 सप्टेंबरनंतर प्रीमियमवर जीएसटी लागू नये जेणेकरून वगैरे वगैरे, खाली चार अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम पूर्ण झालं हे ठरवायच्या अटी), सगळं चकाचक. आणि त्यात काहीच नाही! कारण रेट 18 चा शून्य करणं हे काम नव्हतंच. मुळात सगळीकडे 18 होतं कुठे, टर्मवर (फक्त मृत्यूचं संरक्षण) 18, पण एंडोमेंटवर (विमा अधिक बचत) पहिल्या वर्षी साडेचार आणि पुढे सव्वादोन टक्के, यूलिपमध्ये (बाजारात पैसे गुंतवणारी पॉलिसी) चार्जेसवर. आणि ग्रुप पॉलिसी या सवलतीत नाहीत, त्यांचा टॅक्स चालूच, म्हणजे एकाच सिस्टीममध्ये दोन्ही सांभाळायचं.

आता तेच टूल असं वापरून बघा. सर्क्युलर द्या, सध्याच्या बिलिंगचं वर्णन द्या, आणि लिहा, "तू रिन्यूअल ऑपरेशन्समध्ये दहा वर्षं काढलेला खडूस माणूस आहेस. हे वाच आणि मला फक्त प्रश्न विचार. उत्तर सुचवू नकोस. प्रत्येक प्रश्न कुठल्या परिच्छेदावरून सुचला ते पुढे लिही." पंचवीस-तीस प्रश्न येतील, त्यातले निम्मे फालतू असतील, पण उरलेल्यात अशी रत्नं असतात : 5 ऑक्टोबरचा हप्ता, रिन्यूअल नोटीस ऑगस्टमध्येच 18 टक्के लावून गेलीय, ग्राहकाने 20 सप्टेंबरलाच पैसे भरले, तर काय? 1 सप्टेंबरचा हप्ता ग्रेस पीरियडमध्ये (हप्ता उशिरा भरायची सवलत) 25 ला भरला तर? टॅक्ससकट घेतलेली पॉलिसी 22 नंतर फ्री लुकमध्ये (पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत) परत केली तर रिफंड कुठल्या हिशोबाने? आधीच पाठवलेल्या ऑटो डेबिटच्या फायलींचं काय?

यातल्या पहिल्याच प्रश्नावर थांबा. रेट बदलला की जीएसटी कायद्याच्या कलम 14 प्रमाणे सेवा कधी दिली, इनव्हॉइस कधी निघालं आणि पैसे कधी आले या तीन तारखा बघतात, आणि ढोबळमानाने दोन तारखा ज्या बाजूला त्या बाजूचा रेट. मग ऑगस्टमधली ती रिन्यूअल नोटीस, ती इनव्हॉइस धरायची का? टूलला विचारलंत तर ते बेधडक हो किंवा नाही सांगेल, आणि दोन्ही तितक्याच आत्मविश्वासाने. हे ठरवायचं तुमच्या टॅक्स टीमने, लेखी, नावासकट. तुमचं काम तो प्रश्न 4 सप्टेंबरला त्यांच्यासमोर ठेवायचं, 24 ला नाही. टूलने वेळ वाचवला तो इथे.

आणि एक, नियमांच्या बाबतीत त्याच्या पाठांतरावर जाऊ नका. फ्री लुक पूर्वी साधारणपणे 15 दिवसांचा होता, ऑनलाइन वगैरे घेतली असेल तर 30, विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांनी सरसकट 30 झाला. इंटरनेटवर जुने लेख ढिगाने पडलेत, ते वाचून शिकलेलं टूल बिनधास्त 15 लिहून देऊ शकतं आणि वाक्य इतकं सफाईदार असतं की नजर त्यावरून घसरते. म्हणून चालू रेग्युलेशनची पीडीएफ स्वतः द्या आणि "फक्त यातूनच सांग, कलम दाखव" असं बांधून घाला. मग ते कलम उघडून स्वतः वाचा. हो, स्वतः.

मीटिंगच्या समरीबद्दलही विचारलंय तुम्ही. वापरा, पण आपल्या मीटिंगा अर्ध्या मराठीत, पाव हिंदीत, उरलेल्या इंग्लिशमध्ये, वर तिघं एकदम बोलणार, तेव्हा ट्रान्स्क्रिप्टमध्ये "नको" गळून पडलं की डिसिजन उलटा होतो. शिवाय समरीत फक्त बोललेलं येतं. "हे मॅन्युअली कोण करतं?" असं विचारल्यावर अंडररायटिंगवाले (अर्ज तपासून विमा द्यायचा की नाही ठरवणारे) एकमेकांकडे बघून गप्प बसले, हे त्यात कुठून येणार? आणि खरी रिक्वायरमेंट बहुतेकदा तिथेच दडलेली असते. तेवढं तुमच्या वहीत लिहा आणि मीटिंग संपल्यावर त्यांच्यासोबत चहाला जा.

प्रश्न : मला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) जेमतेम येतं. आता एआयकडून क्वेरी लिहून घेते, चालतात पण. तरी मनात धाकधूक असते. क्वेरी बरोबर आहे हे कसं ओळखायचं? — एक वाचक, ठाणे

धाकधूक असू द्या, चांगली आहे ती. क्वेरी चालली याचा अर्थ व्याकरण बरोबर, बाकी काही नाही.

नेहमीचा घोळ सांगते. पॉलिसीचं टेबल आहे, नॉमिनीचं वेगळं आहे, तुम्ही मागितलं "नॉमिनी असलेल्या पॉलिसींचा एकूण प्रीमियम दे". टूल दोन्ही टेबलं जॉइन करून प्रीमियमची बेरीज देणार. आता ज्या माणसाने बायको आणि मुलगा असे दोन नॉमिनी टाकलेत त्याच्या पॉलिसीच्या दोन ओळी झाल्या, प्रीमियम दुप्पट मोजला गेला. एरर येत नाही, आकडा फक्त फुगतो, आणि फुगलेला आकडा प्रेझेंटेशनमध्ये मस्त दिसतो.

तर जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजा, वाढल्या तर का वाढल्या ते शोधा. एकूण बेरीज फायनान्सच्या महिन्याच्या आकड्याशी जुळवा. आणि पाच पॉलिसी हाताने उघडून बघा, त्यात मुद्दाम एक दोन नॉमिनीवाली, एक रद्द झालेली, एक महिन्याच्या हप्त्याची घ्या. टूलचा उपयोग इथेही आहे, त्यालाच विचारा "ही क्वेरी कुठल्या डेटावर चुकीचं उत्तर देईल?" स्वतः लिहिलेल्या क्वेरीतली खोट ते बऱ्याचदा दाखवतं, गंमत आहे पण खरंय. त्या नादात तुमचं एसक्यूएलही सुधारेल.

प्रश्न : क्लायंटची एक्सेल फाइल चॅटजीपीटीमध्ये टाकली तर चालतं का? टीममध्ये सगळेच टाकतात. नावाचा कॉलम डिलीट केला की झालं ना? — नाव देऊ नका, हिंजवडी

नाही, आणि नाही.

2023 मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड असाच चॅटजीपीटीत पेस्ट केला होता, नंतर कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली. त्यांचाही उद्देश वाईट नव्हता, काम लवकर उरकायचं होतं. आपल्याकडे 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, आणि डेटा नीट न सांभाळल्याचा दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो. कायदा बाजूला ठेवा, क्लायंटच्या काँट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा, ते बहुतेक याहून कडक असतं.

नावाचा कॉलम काढून भागत नाही कारण पिनकोड, जन्मतारीख आणि आजार एवढं एका ओळीत असलं तर छोट्या गावात तो माणूस कोण हे शेजारीपण सांगतील. कंपनीने मंजूर केलेलं टूल असेल तर तेच वापरा आणि तिथेही खरा डेटा टाकायची परवानगी आहे का ते लेखी घ्या. नाहीतर सोपा उपाय, फक्त कॉलमची नावं आणि मनाने बनवलेल्या वीस ओळी द्या, फॉर्म्युला किंवा क्वेरी लिहून घ्या, खऱ्या फाइलवर ती तुमच्या मशीनवर चालवा. तसाही टूलला तुमच्या लाखभर ओळींचा काही उपयोग नसतो. आणि "सगळेच टाकतात" हे ऑडिटवाल्याला सांगून बघा काय म्हणतो ते.

प्रश्न : मी बी.कॉम. केलंय, सांगलीत राहतो. बीए व्हायचंय. एक क्लासवाले म्हणतात एआयसकट बीए कोर्स करा, जॉब पक्का. काही म्हणतात एआय आल्यामुळे बीए संपले. खरं काय? — एक विद्यार्थी

तुला तू म्हणते, चालेल ना? दोघंही आपापला माल विकताहेत. फक्त मीटिंगचे मिनिट्स लिहायचे आणि जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोऱ्या भरायच्या एवढंच करणाऱ्याचं अवघड आहे हे खरं, आणि फ्रेशरला सुरुवातीला हेच काम मिळायचं, त्यामुळे तुमच्या पिढीसाठी दार थोडं अरुंद झालंय, उगाच गोड बोलत नाही. पण कर्ज कसं मंजूर होतं, टीडीएस कुठे कापला जातो, खतावणी का जुळत नाही हे ज्याला कळतं त्याला टूलने दिलेल्या मजकुरातली खोट दिसते, आणि त्यासाठी बी.कॉम. चांगलंच आहे.

सर्टिफिकेट हवं असेल तर आयआयबीए या बीए मंडळींच्या संस्थेचं ईसीबीए हे सुरुवातीचं सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही. त्यांच्याच वरच्या पातळीच्या सीबीएपीच्या मागे आत्ता लागू नकोस, त्याला साडेसात हजार तासांचा कामाचा अनुभव मागतात.

त्याआधी एक कर. ओळखीच्या एखाद्या पतसंस्थेत परवानगी काढून दोन-चार दिवस बस आणि कर्जाचा अर्ज खिडकीवर आल्यापासून पैसे मिळेपर्यंत कुणाच्या टेबलावरून कुठे जातो ते बघ. जामीनदाराची सही राहिली तर काय करतात, मॅनेजर रजेवर असला तर कोण सही करतं, संगणकात आहे तरी क्लार्क काका वेगळी डायरी का ठेवतात. हे सगळं हाताने लिही, कुणाचंही नाव किंवा खातेनंबर न घेता. मग टूलला दे आणि म्हण, प्रोसेस फ्लो बनव. ते जे बनवेल त्यात काकांची डायरी बहुतेक गायब असेल किंवा "मॅन्युअल रेकॉर्ड काढून टाका" अशी शिफारस असेल. तेव्हा परत काकांकडे जा आणि डायरीत नक्की काय लिहितात ते विचार. इंटरव्ह्यूत हे सांगता आलं तर समोरचा सरसावून बसतो, बघ.

सरावासाठी टूलला चिडका ब्रँच मॅनेजर बनायला सांग, जो प्रत्येक प्रश्नाला "आमच्याकडे असंच चालतं" एवढंच उत्तर देतो, आणि त्याच्याकडून माहिती काढून दाखव. हे फुकट आहे. क्लासची फी भरायची घाई करू नकोस, पुढच्या महिन्यातही घेतात ते.